उपासाचं लिव्हर

बाबा संध्याकाळी कामावरून आले की आमच्या डोंबिवलीच्या घराच्या दाराशी एक छोटासा विधी व्हायचा. आई दार उघडायची, त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची आणि घेता घेता जरा पुढे वाकून एक लांब श्वास ओढायची. बाबा चपला काढायच्या आधीच तोंड उघडून "हाऽऽ" करायचे. आईचा जीव भांड्यात पडायचा आणि ती चहाचं आधण ठेवायला आत वळायची. शेजारच्या घरांत असलं काही होत नाही, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा घरी आल्यावर हाऽऽ करतात.

आईच्या त्या नाकाचं शिक्षण विठ्ठलवाडीला झालं होतं. तिचे वडील रेल्वेत होते आणि पगार झाला की पुढचा आठवडाभर त्यांना घरचा रस्ता सरळ सापडत नसे. फ्रॉक घालायच्या वयापासून आईलाच त्यांना शोधून आणायला पाठवत. त्यांच्या बाटल्या तांदळाच्या डब्यात असत, मोरीच्या दगडामागे असत, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यातही असत. या सगळ्या जागा तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. ते गेले तेव्हा पोटात पाणी भरलं होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. "लिव्हर गेलं," एवढंच डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून आईच्या लेखी लिव्हर म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे लिव्हर. मधे दुसरं काही नाही.

त्यामुळे बाबा तिला बघायला आले तेव्हा तिनं घोळ घातला. "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे हो," असं बाबांकडच्या कुणीतरी मोठ्या मनानं म्हटलं. अशा वेळी मुलीनं खाली बघत नुसती मान हलवायची असते. आईनं मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही पिता का?"

पोह्यांच्या बशा हातातल्या हातात थांबल्या. बाबा म्हणाले, "चहा पितो. कमी साखरेचा."

यातलं पहिलं शंभर टक्के खरं होतं आणि दुसरं साफ खोटं. बाबांच्या कपात चमचा उभा राहील इतकी साखर लागायची. पण आईला साखरेशी काहीच कर्तव्य नव्हतं. ती त्याच संध्याकाळी हो म्हणाली.

असा नवरा मिळाल्याचा आनंद आईनं पुढे सगळा ताटात वाढला. "बाहेर काही घेत नाहीत, मग घरी तरी पोटभर नको का?" हे तिचं तत्त्वज्ञान. वरणावर तूप, भातावर तूप, पोळीला तूप, आणि ताट पुसून झालं की वाटीत काहीतरी गोड. बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत. नटबोल्ट आणि बेअरिंगं यांचा सगळा कारभार ते एका खुर्चीवर बसून करत, हलायचे ते मदतनीस. हळूहळू बाबांचे हातपाय होते तसेच काटकुळे राहिले आणि मधे एक गोल, गुळगुळीत, देखणं पोट तयार झालं. आई त्या पोटाकडे पिकल्या फणसाकडे बघावं तसं कौतुकानं बघायची. फणस निदान मोसमात तरी येतो. हे पोट बारमाही होतं.

आणि त्यात बाबांचे उपास. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शिवाय चतुर्थ्या आणि एकादश्या. आमच्याकडे उपास म्हटला की घरभर उत्साह पसरायचा. सकाळी साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, बाजूला रताळ्याचे गोड काप, दुपारच्या डब्यात बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचे लाडू, आल्यावर शिकरण. दिवसभर एवढं सोसलं म्हणून संध्याकाळी उपास सोडायला साग्रसंगीत जेवण. संकष्टीला त्यात मोदक. मी देव मानत नसे, पण उपासाचे वार मी कधी चुकवले नाहीत.

मी कॉलेजात होते, नव्वदीची सुरुवात होती, तेव्हा बाबांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. डोंबिवलीत तेव्हा सोनोग्राफी नवी नवी आली होती आणि स्टेशनजवळच्या सेंटरबाहेर लोक देवळात बसावेत तसे आदबीनं बसत. आदल्या दिवशी वेळ ठरवायला आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उद्या रिकाम्या पोटी या."

बाबांनी हिशेब केला. दुसरा दिवस गुरुवार होता. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "उपासाचं चालेल ना?"

"काका, रिकामं म्हणजे रिकामं."

"खिचडी नाही, नुसते काप?"

ती मुलगी आत जाऊन कुणाला तरी विचारून आली, बहुधा हसून आली, आणि म्हणाली, "काप पण नाही." बाबांच्या आयुष्यातला तो पहिला खराखुरा उपास असावा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत ते इतके हिरमुसले होते की पोटावर ती गार चिकट जेली लावली तेव्हा, त्यांनी नंतर मला सांगितलं, त्यांना खरवस आठवला.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या खोलीला भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही वरून उघडं. पलीकडच्या बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं रेडिओसारखं ऐकू यायचं, म्हणून तिथे नंबर लांबला तरी कुणी कुरकुरत नसे. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, खाली ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "किती घेता?"

"मी घेत नाही," बाबा म्हणाले.

"रोज, की शनिवार-रविवार?"

"डॉक्टर, मी घेतच नाही हो. कधीच नाही."

"सगळे असंच म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, लिव्हर खोटं बोलत नाही. फॅटी लिव्हर आहे हे. चरबी धरली आहे." मग जरा मऊ होऊन, "बंद करा. तेलकट कमी करा. पोटाला आराम द्या, अधूनमधून उपास वगैरे करा."

त्या डॉक्टरांना तरी काय बोलणार? त्या काळी लिव्हरला चरबी म्हटलं की सगळ्यांना आधी बाटलीच आठवायची. मी आईकडे बघितलं. ती पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती आणि तिचा चेहरा मला अनोळखी वाटला. बाहेर आलो तर बाकावर आमच्याच बिल्डिंगमधल्या तळमजल्याच्या काकू बीपी तपासायला बसलेल्या. त्यांनी बाबांकडे इतक्या मायेनं पाहिलं की मी घाईघाईनं दुसरीकडे बघितलं.

घरी पोचेपर्यंत आईनं मागे वळून बघितलं नाही. बाबा तिच्या मागे मागे चालत होते. "अगं, तुला तरी माहितेय ना? मी आयुष्यात थेंब... अगं, ऐक तरी." दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले, आईनं पिशवी घेतली, श्वास ओढला, बाबांनी हाऽऽ केलं. आई म्हणाली, "परत."

असं "परत" ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती. बाबांनी परत केलं. पण आईचा चेहरा सैल पडला नाही.

पुढच्या दोन दिवसांत बिल्डिंगला सगळं कळलं. तळमजल्याच्या काकू कुणाला काही सांगत नसत, त्या फक्त "त्यांच्यासाठी प्रार्थना करा" म्हणत. वरच्या मजल्यावर एक बँकेतले गृहस्थ राहत. ते नियमित घेत आणि त्यामुळे बिल्डिंगमध्ये एकटे पडले होते. ते जिन्यात बाबांना भेटले की आता डोळा मिचकावत. एकदा तर खांद्यावर हात टाकून म्हणाले, "साहेब, एवढी वर्षं कळू दिलं नाहीत, मानलं तुम्हाला. कधीतरी बसू." बाबा घरी येऊन गादीवर उताणे पडले. मला हसू आवरेना. आई भाजी चिरत होती, तिची विळी जरा जास्तच जोरात चालत होती.

बाबा नसताना आईनं घर शोधायला घेतलं. मदतीला मी. तांदळाचा डबा, मोरी, देव्हाऱ्याचा कप्पा, फ्लशची टाकी, गाद्यांच्या घड्या. विठ्ठलवाडीचा सगळा अभ्यासक्रम तिनं पुन्हा काढला. शेवटी मी माळ्यावर चढले आणि गणपतीच्या मखराच्या मागे एक पत्र्याचा डबा लागला. तो हलवला तर आत खुळखुळलं. मी तो खाली आईच्या हातात दिला. झाकण उघडलं. आत शेंगदाण्याची चिक्की होती, पार झाकणापर्यंत.

आईनं एक तुकडा नाकाशी नेला, हुंगला, परत ठेवला आणि म्हणाली, "जागेवर ठेव. बिचारे उपासाला खात असतील." मुद्देमाल हातात येऊन आम्ही तो असा सन्मानानं परत केला.

इकडे बाबांनी ठरवलं की लिव्हर आणि संशय, दोन्ही एका उपायानं घालवायचे. डॉक्टर स्वतः म्हणाले होते उपास करा. मग त्यांनी मंगळवार गणपतीला दिला आणि शनिवार मारुतीला. आठवड्यात साधं जेवण आता बुधवार, शुक्रवार आणि रविवारपुरतं उरलं. आई त्यांच्याशी बोलत नव्हती, पण साबुदाणा प्रत्येक उपासाला भिजत होता. खिचडीची बशी टेबलावर जरा आपटून ठेवली जायची, एवढाच फरक. त्यावर तूप मात्र पूर्वीइतकंच असायचं. माणसावरचा राग तिनं तुपावर कधी काढला नाही.

काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि मान हलवली. "वाढलंय." मग चष्म्यावरून आईकडे बघत म्हणाले, "वहिनी, लक्ष ठेवा."

त्या दिवशी दुपारी आई माझ्यापाशी येऊन बसली. "शुक्रवारी कॉलेजला दांडी मार. माझ्याबरोबर यायचंय."

"कुठे?"

"वागळे इस्टेट. शुक्रवारी यांना उशीर होतो. ओव्हरटाइम म्हणतात."

मला आधी मजा वाटली. मग ती म्हणाली, "खरं निघालं तर मी तुला घेऊन बाहेर पडणार. बापाला शोधून आणलं, तेव्हा मी लहान होते, मला दुसरं काही करता येत नव्हतं. आता मी कुणाला शोधून आणणार नाही." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळेच मला भीती वाटली. मी बाबांवर मनातल्या मनात भरवसा ठेवून होते, पण तो किती टिकेल हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर एका पानपट्टीच्या आडोशाला उभ्या राहिलो. कुणी ओळखू नये म्हणून आईनं नायलॉनच्या साडीवर माझा कॉलेजचा गॉगल लावला होता. त्याचा परिणाम असा झाला की सुटलेल्या शिफ्टमधला प्रत्येक माणूस आमच्याकडे वळून बघत गेला. फक्त बाबांनी बघितलं नाही, कारण ते गप्पांत रंगले होते. स्टोअर्समधले आणखी तिघं त्यांच्याबरोबर होते. ते स्टेशनच्या बसकडे न जाता उलट्या बाजूला चालायला लागले. आम्ही मागे.

दोन वळणं घेतल्यावर एक पाटी आली, परमिट रूम अशी. चौघं आत शिरले. बाबा सर्वांत पुढे होते आणि दारावरच्या माणसानं त्यांना ओळखीचा सलाम केला.

आईनं गॉगल काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "आई, बायका जात नाहीत गं आत."

"माहितेय," असं म्हणून ती आत गेली.

आत अंधार होता, धूर होता आणि आम्ही शिरताच सगळी बडबड बंद पडली. कोपऱ्यातल्या टेबलावर बाबा पाठमोरे बसले होते. पुढ्यात काळपट ग्लास, त्यात बर्फ. आई टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी वर बघितलं आणि त्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आईनं हात पुढे केला. ग्लास उचलला, नाकाशी नेला, एक लांब श्वास ओढला. मग सगळ्यांच्या देखत तोंडाला लावून मोठा घोट घेतला.

"गोड आहे," ती म्हणाली.

"कोल्ड्रिंक आहे वहिनी," त्यांच्यातला एक जण उभा राहून म्हणाला. तो इतका घाबरला होता की त्यानं आपला ग्लास शर्टामागे लपवला. "आमच्यात हा एकटाच कोरडा. आईशप्पथ. पण वहिनी, चकणा एक दाणा शिल्लक ठेवत नाही हो. आम्ही घोट घेईपर्यंत बशी साफ. आम्ही प्यायला येतो, हा खायला येतो."

तेव्हा मी टेबल नीट बघितलं. मसाला शेंगदाणे, तळलेली डाळ, कांदाभजी, शेव. सगळ्या बशा बाबांच्या बाजूला सरकलेल्या. शुक्रवारी त्यांच्या तोंडाला शेंगदाण्यांचा वास यायचा आणि आई म्हणायची, दुपारपासून बिचाऱ्यांच्या पोटात काही नाही, आणि त्या दिवशी ती एक पोळी जास्त वाढायची. हे मला आठवलं आणि मी त्या धुरात एकटीच फस्सकन हसले.

आई हसली. बाबा मात्र हसले नाहीत. बाहेर रस्त्यावर आल्यावर ते आईला म्हणाले, "इथे येतो ते सांगितलं नाही, कारण तुला त्रास झाला असता. ते माझं चुकलं. पण इतकी वर्षं मी दाराशी तोंड उघडून उभा राहिलो, ते मला गंमत वाटते म्हणून नाही. तुला बरं वाटतं म्हणून. आणि तू मशीनवर विश्वास ठेवलास, माझ्यावर नाही. आता मी नाही करणार हाऽऽ."

आणि त्यांनी खरंच केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आले की पिशवी आईच्या हातात देऊन ओठ मिटून सरळ आत जायचे. आई पिशवी धरून तशीच दाराशी. तिनं परमिट रूममध्ये सगळ्यांसमोर उष्टा ग्लास तोंडाला लावला होता, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघेनात. घरात भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता, फक्त संध्याकाळचा तो एक आवाज नव्हता. मला तो नसणं फार लागायचं.

शर्टामागे ग्लास लपवणाऱ्या मित्रानंच मग ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. या बाईंचा आवाज हळू होता आणि त्यांच्या खोलीला खऱ्या भिंती होत्या. किती घेता, हे त्यांनीही विचारलं, पण उत्तर ऐकून मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग खाता काय?"

बाबांना इतक्या दिवसांत कुणी आवडीचा विषय दिला नव्हता. त्यांनी खिचडीपासून मोदकापर्यंत सगळं रसभरीत सांगितलं. वार सांगितले. शुक्रवारही सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे उपास नसतो त्या दिवशी तुम्ही कमी खाता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साबुदाणा, बटाटा, साखर, सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते. ती रक्तातून जागच्या जागी पोचवायला शरीर इन्सुलिन नावाचं हार्मोन सोडतं. माणूस बसून असला, पोट सुटलेलं असलं, की ते इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग शरीर आणखी सोडतं, आणि खर्च न झालेली साखर चरबी होऊन साठते, पोटावर दिसते तशी लिव्हरमध्येही. दारूनं होतं तसंच हे दारूशिवायही होतं. "आता आता आम्हाला अशी माणसं जास्त भेटायला लागलीत. लाजतात बिचारी. घरचे विश्वास ठेवत नाहीत."

आई खाली बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे हे मी वाढलं त्यानं झालं?"

"तुम्ही एकट्यानं नाही. खाणारेही होते की," बाई म्हणाल्या. "त्यांना रोज चालायला लावा. साखर, तूप कमी करा. लिव्हर मोठ्या मनाचं असतं, वेळेवर सुधारलात तर तेही सुधारतं." आणि मग त्या आईकडे जरा टक लावून बघत राहिल्या. "तुमचं काय? चेहरा सुजल्यासारखा वाटतोय. दमता का?"

आई दमायची. केस गळायचे, वजन वाढत होतं, पाळी जायच्या वाटेवर होती. तिनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बाबांच्या लिव्हरवर डोळ्यांत तेल घालून पहारा करण्यात तिला वेळच कुठे होता?

"उपास?" बाईंनी विचारलं.

"मी एकादशीच करते फक्त."

"आणि यांची खिचडी उरते ती कोण खातं?"

मी म्हटलं, "तिला टाकवत नाही."

बाईंनी तिचंही रक्त आणि सोनोग्राफी लिहून दिली. आई नको नको म्हणत होती, मला काय धाड भरलीये म्हणत होती, पण बाबांनी तिला नेलं. रिपोर्ट घेऊन पुन्हा ठाण्याला गेलो. थायरॉइड मंदावलं होतं. त्यानं आणि पाळी जाताना होणाऱ्या बदलांनी शरीराचा सगळा कारभारच सुस्त होतो, त्याला गोळी आहे, घाबरू नका, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी फोटो उचलला.

"आणि लिव्हर तुमचंही फॅटी आहे. यांच्यापेक्षा थोडं जास्तच."

"कसं शक्य आहे?" आई ताडकन म्हणाली. "डॉक्टर, मी आयुष्यात थेंब..."

आणि तिथेच थांबली. बाबा तिच्या मागे मागे चालत हेच म्हणत होते, याच शब्दांत, आणि तिनं मागे वळून बघितलं नव्हतं. ते तिला आठवलं हे तिच्या मानेवरून मला दिसलं. बाबा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर अतिशय लक्ष देऊन वाचत होते.

घरी आलो तेव्हा बाबा जिना भराभर चढून आमच्या पुढे गेले, कुलूप काढून आत शिरले आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. आम्ही दोघी बाहेर. तळमजल्याच्या काकू गच्चीवर वाळवण काढायला चालल्या होत्या, त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या. आईनं बेल वाजवली.

बाबांनी दार उघडलं. आईच्या हातातली पिशवी घेतली. जरा पुढे वाकले आणि एक लांब श्वास ओढला.

आई तशीच उभी राहिली. तिनं काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडून केलं, "हाऽऽ."

बाबांनी डोळे मिटले. खूप विचार केल्यासारखं केलं. मग निकाल दिला, "साबुदाणा."

आई खो खो हसली. हसता हसता उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाशी नेला, आणि मग लक्षात आलं की ती हसत नाहीये. "मला वाटलं तुम्हीही तसेच जाणार," ती म्हणाली. "पिवळे होऊन. लिव्हर म्हणाले ना, तेव्हाच मला वाटलं, गेलं हेही माणूस. म्हणून शोधत होते. चुकलं माझं."

बाबा तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. दोघांच्या पोटांमुळे दार पूर्ण अडलं होतं. "मीही खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "अगदी पहिल्या दिवशी. साखर मला कमी लागत नाही."

"ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं," आई म्हणाली.

काकू बराच वेळ गच्चीवर गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले. आईनं दार उघडलं, पिशवी घेतली, पण पुढे वाकली नाही. श्वास चारचौघांसारखाच घेतला, साधा. बाबा वाट बघत उभे. ती काही करत नाही असं बघून त्यांनीच तोंड उघडलं आणि बिल्डिंगला ऐकू जाईल असं केलं, "हाऽऽ."

"कळलं," आई म्हणाली. "चपला काढू नका. थांबा, मी पण येते. आधी दोघं चालून येऊ, मग चहा. बिनसाखरेचा."

आणि दार माझ्यावर सोडून ती त्यांच्याबरोबर जिना उतरून गेली.